डावा कौल

बहिणीची ड्यूटी संध्याकाळची झाली आणि भाचीला बॉक्सिंगच्या क्लासला नेण्याआणण्याचं काम माझ्या अंगावर आलं. मधल्या दीड तासात घरी जाऊन परत येण्यात काही राम नाही, म्हणून मी तिथंच दाराजवळच्या बाकावर बसून राहतो. पत्र्याच्या छपराचा लांबट हॉल. एका भिंतीला आरसे, त्यातला कोपऱ्यातला तडकलेला. साखळ्यांनी टांगलेल्या चार बॅगा, आणि त्यांच्यावर चिकटपट्टीचे इतके थर, की आतलं मूळ चामडं आता कुणाला आठवतही नसेल. घाम, रबर आणि नीट न वाळलेली बँडेजं यांचा मिळून एक वास. पहिल्या दिवशी तो नाकाला झोंबला होता. आता पायरीवर तो भेटला नाही तर मला चुकल्यासारखं होईल.

पहिले दोन महिने तिथल्या मुलांनी एकच गोष्ट केली. डावा हात पुढे, डावा हात मागे. सर फौजेतून निवृत्त झालेले. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, नुसतं "हां" म्हणतात. "हां" म्हटलं की चौदा डावे हात सुटतात. सुटताना एकदम सुटतात, परतताना मात्र त्यांची पांगापांग होते. कुणाचा हात घरंगळत कमरेपाशी येतो, कुणाचं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर जातं, कुणाचा हात आरशातल्या स्वतःला न्याहाळत तिथंच रेंगाळतो. मग सर त्या मुलाच्या उघड्या पडलेल्या गालावर पॅडनं हलकेच टपली देतात. बोलत नाहीत. पुन्हा "हां". पुढे गेलेल्या हाताकडे त्यांचं लक्षच नसतं, हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले. ते फक्त परत येणाऱ्या हाताकडे बघतात.

स्कूटरवर भाची, सई, मागून कुरकुरते. "मामा, उजवा कधी शिकवणार आहेत? दोन महिने झाले, नुसता जॅब." तिच्या डोळ्यांपुढे सिनेमातला उजवा असतो, एका फटक्यात समोरचा आडवा करणारा. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांपुढे तोच होता. पण बाकावर वेळ जाईना म्हणून मी मोबाइलवर जुन्या व्यावसायिक लढती बघायला लागलो, आवाज बंद करून, आणि हळूहळू माझी नजर डावीकडे सरकली. उजव्यानं संपलेल्या लढती थोड्या मागे नेऊन बघितल्या की दिसतं, दार डाव्यानं आधीच किलकिलं करून ठेवलं होतं. उजवा नुसता आत आला.

मारण्यासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. गुद्दा, बुक्की, रट्टा, टोला, चपराक, धपाटा, टपली, टिचकी, ढुशी, कोपरखळी. प्रत्येकाचं वजन वेगळं आणि जागाही ठरलेली. धपाटा पाठीतच बसतो आणि तो बहुतेक वेळा आईचा असतो. कोपरखळी तर हात न हलवता, नुसत्या शब्दानंही मारता येते. एवढी श्रीमंती असून जॅबला मात्र शब्द नाही. 'ठोसा' म्हटलं की त्यात राग येतो, आणि जॅबमध्ये राग आला की तो बिघडतो. 'टिचकी' म्हणावं तर फारच लाडीक. तीस टिचक्यांनी कुणाचा डोळा बंद होत नाही. मला वाटतं, आपल्याकडे मारणं म्हणजे शेवट असतो. 'एक ठेवून दिली' असं आपण म्हणतो. ठेवून दिली, विषय संपला. जॅब ठेवून देता येत नाही. तो न्यायचा आणि परत आणायचा. त्यानं विषय संपत नाही, सुरू होतो.

करायला तो इतका सोपा दिसतो की शिकवण्यासारखं त्यात काय आहे असं वाटावं. डावा पाय पुढे, हनुवटी खाली, डावी मूठ गालाच्या उंचीवर. मागच्या पायाच्या चवड्यानं जमीन ढकलायची, पुढचं पाऊल वीतभर सरकवायचं आणि हात सरळ सोडायचा. सोडायच्या आधी काही म्हणजे काही हलता कामा नये. खांदा नाही, कोपर नाही, भुवईसुद्धा नाही. मूठ वाटेत सैल ठेवायची, शेवटच्या चार बोटांच्या अंतरात ती वळवून आवळायची, आणि त्याच वेळी डावा खांदा वर येऊन हनुवटी झाकून घेतो. मग ज्या वाटेनं हात गेला त्याच वाटेनं परत. सगळं मिळून डोळ्याचं पातं लवेपर्यंत. सर एका नव्या पोराला हे समजावत होते तेव्हा मी बाकावर बसल्या बसल्या हात हलवून पाहिला. माझं कोपर आधी उचललं गेलं. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी, त्यांचा नातूही तिथंच शिकतो, माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

माझे एक काका भजनात पेटी वाजवायचे. मंडळी समोर बसत आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं बघत. मला लहान म्हणून मागे, पेटीच्या पाठीशी जागा मिळायची, त्यामुळे मला दिसायचा तो नुसता डावा हात. भाता पुढे, भाता मागे. अभंग संथ असो की द्रुत, तो हात आपला त्याच्या चालीनं. एकदा गजराच्या भरात काका भाता मारायचे विसरले आणि भर स्वरावर पेटीचा आवाज मावळत गेला. बोटं पट्ट्यांवर होती तशीच होती, पण पेटीत जीव नव्हता. हेवीवेट मुष्टियोद्धा लॅरी होम्स याच्या लढती पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला काकांचा तो हात आठवला. तीन मिनिटांच्या फेरीत होम्सचा डावा असा चालतो, की लढतीचा श्वास त्याच्याच हाती आहे असं वाटतं. समोरच्यानं काही करायचं मनात आणलं की त्याच्या तोंडावर एक जॅब येतो, आणि त्याला सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं.

होम्सकडे मी पुन्हा येणारच आहे. त्याआधी डाव्या हाताचं थोडं.

मी जन्माचा डावखुरा. आमचं गाव मालवणच्या बाजूला, आणि आजी म्हणजे उजव्या हाताची कडक पहारेकरी. प्रसादाला हात पुढे केला की, "डाव्यान नको रे, उजव्यान घे." देवळात कौल लावायचे तेव्हाही तेच. देवाच्या अंगावर फुलं, पाकळ्या किंवा कळे लावायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. उजवा कौल मिळाला की लोक हसत पायऱ्या उतरायचे. डावा मिळाला की तिथंच हात जोडून उभे राहायचे, देवाची आणखी मनधरणी करायची. भाषेनंही डाव्याला कधी मानानं वागवलं नाही. टाळायचं, बाजूला सारायचं, त्याला आपण 'डावलणं' म्हणतो. शाळेत पाटीवर डाव्या हातानं पहिलं अक्षर काढलं तेव्हा मास्तरांनी पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. पुन्हा डाव्यात घेतली तर बोटांच्या पेरांवर पट्टी. वर्षभरात माझा उजवा हात लिहायला शिकला. अजून तोच लिहितो. डावा कागद धरतो, नारळ धरतो, विळीवर भाजी धरतो. धरणं हेच त्याचं काम झालं.

त्यामुळे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये डाव्या हाताचा हा मान बघून मला जरा गंमत वाटली. नीट पाहिलं तर इथंही त्याला मान वगैरे काही दिलेला नाही. उजव्या माणसाचा दुबळा हात पुढे ठेवायचा, म्हणजे जोराचा हात मागे सुरक्षित राहतो आणि त्याला कंबरेचा पूर्ण झोका मिळतो, एवढाच मूळ हिशेब. डावा म्हणजे चौकीवरचा शिपाई. पण चौकीवरच्या शिपायालाच शत्रू आधी दिसतो. कंटाळवाणी कामं करता करता त्याला जे कळतं ते मागच्या सरदाराला कधी कळत नाही. आणि काही जणांनी हा हिशेबच उलटा केला. ऑस्कर दे ला होया जन्मानं डावखुरा, पण उभा राहायचा उजव्या माणसासारखा, डावा पाय पुढे टाकून. म्हणजे त्याचा जो खरा हात, तोच चौकीवर. प्यूर्टो रिकोच्या मिगेल कोत्तोचंही तसंच. त्या दोघांचे जॅब बघताना समोरच्याचं डोकं ज्या तऱ्हेनं मागे जातं, त्यावरून हा दुबळ्या हाताचा मार नाही हे लगेच कळतं.

हातमोज्यांची, तीन मिनिटांच्या फेरीची आणि मधल्या एक मिनिट विश्रांतीची क्वीन्सबेरी नियमावली १८६७ ची. तिच्याप्रमाणे झालेल्या हेवीवेट अजिंक्यपदाच्या पहिल्या गाजलेल्या लढतीत, ७ सप्टेंबर १८९२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये, जिम कॉर्बेट नावाच्या बँकेतल्या जुन्या कारकुनानं जॉन एल. सलिव्हनला एकविसाव्या फेरीत खाली बसवलं. सलिव्हन म्हणजे एका फटक्याचा माणूस. कॉर्बेट त्याच्यापुढे नाचत राहिला, डावा मारत राहिला, निसटत राहिला. जुन्या लोकांना ते फारसं मर्दपणाचं वाटलं नसावं. पुढे माजी विजेत्या जॅक डेम्प्सीनं १९५० साली मुष्टियुद्धावर पुस्तक लिहिलं, त्यात टिचकीसारख्या जॅबवर त्याचा रागच दिसतो. पुढचं पाऊल असं पडलं पाहिजे की सगळं शरीर त्याच्यामागून कोसळतं आहे, आणि ते कोसळणं जमिनीवर न जाता मुठीतून समोरच्यावर गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. सनी लिस्टनचा जॅब त्या जातीचा होता. दोन्ही हात पसरले तर बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत ८४ इंच, म्हणजे सात फूट. त्याच्या जॅबनं माणसं मागे सरकायची, जसं कुणी छातीवर हात ठेवून दाराबाहेर काढावं. थॉमस हर्न्सचा अगदी वेगळा. त्याचा डावा हात कमरेजवळ लोंबत असायचा आणि तिथून वर चाबकासारखा यायचा. १९८१ च्या लढतीत शुगर रे लेनर्डचा डावा डोळा त्यानं जवळजवळ मिटवला. लेनर्डनं चौदाव्या फेरीत ती लढत जिंकली, पण नंतरच्या फोटोत तो डोळा बघवत नाही.

तेव्हा ताकदीचा जॅब की वेगाचा, असा वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. वर्षानुवर्षं तसा वाद होतो आणि दोन्ही बाजूंना चांगली नावं सापडतात. माझं मन सरांच्या त्या न बोलता दिलेल्या टपलीपाशी घुटमळतं.

१९३६ साली जो लुईस बावीस वर्षांचा होता आणि व्यावसायिक रिंगणात एकदाही हरलेला नव्हता. त्याचा जॅब आखूड, सरळ आणि सुतारानं ओळंबा लावून काढल्यासारखा. त्याच्यासमोर जर्मनीचा माक्स श्मेलिंग, माजी विजेता, उतरणीला लागलेला, असं सगळ्यांना वाटत होतं. श्मेलिंगनं काय केलं, तर लुईसच्या लढतींच्या फिती पुन्हा पुन्हा बघितल्या. आपल्याला एक गोष्ट दिसली आहे, असं तो सांगत फिरला, पण काय ते सांगितलं नाही. लोकांना ती बढाई वाटली. दिसलं होतं ते एवढंच: जॅब मारून झाला की लुईसचा डावा हात गालाशी परत न येता थोडा खालून येतो. थोडा म्हणजे किती? वीतभर असेल. १९ जूनच्या रात्री यांकी स्टेडियमवर श्मेलिंगनं त्या वीतभर जागेतून आपला उजवा पुन्हा पुन्हा घातला. चौथ्या फेरीत लुईस व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली गेला. बाराव्या फेरीत तो उठला नाही.

ती चित्रफीत मी बाकावर बसून कितीदा तरी पाहिली. विलक्षण गोष्ट अशी, की लुईसचा जॅब त्या रात्रीही सुंदरच आहे. जातो तेव्हा अचूक जातो, लागतोही. त्याच्या कौतुकात जे जे म्हटलं जायचं ते सगळं खरंच होतं. फक्त सगळ्यांनी, कदाचित त्यानंही, जाणारा हात पाहिला होता. श्मेलिंगनं येणारा पाहिला. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ ला, त्याच मैदानावर लुईसनं त्याला १२४ सेकंदांत संपवलं. ती लढत इतिहासात जास्त मोठी ठरली, मागे हिटलरची जर्मनी उभी होती, सगळं जग रेडिओला कान लावून होतं. मला मात्र हरलेलाच लुईस जास्त आठवतो.

आमच्या गावात कबड्डीला म्हातारी माणसं हुतुतूच म्हणायची. शाळेमागच्या मैदानात चुन्यानं आखलेली मध्यरेषा. दम धरून पलीकडे जायचं, हात लावायचा, आणि रेषेच्या अलीकडे जिवंत यायचं. तीन गडी मारलेस आणि रेषेच्या चार बोटं पलीकडे तुझा दम सुटला, तर कुणीच मेलं नाही, मेलास तो तू. लहानपणी हा नियम मला अन्यायाचा वाटायचा. लावला ना हात? मग? पण खेळाची सगळी धास्ती त्या परतीच्या चार पावलांतच असायची. जाताना चढाई करणाऱ्याचा चेहरा मस्तीचा, येताना त्याचा चेहराच वेगळा. बॉक्सिंगच्या नियमपुस्तकात जॅबनं परत यावं असं कलम नाही. ते समोरचा माणूस शिकवतो.

लॅरी होम्सचा जन्म १९४९ चा, जॉर्जियातला, पण वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन या कारखान्यांच्या गावात. सातवीत शाळा सुटली, मोटारी धुण्याच्या ठिकाणी काम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो डीअर लेकला मुहम्मद अलीच्या सराव शिबिरात स्पारिंगसाठी, म्हणजे सरावाच्या लढतींसाठी, जायला लागला. स्पारिंगचा जोडीदार म्हणजे पैसे घेऊन मार खाणारा, असा एक समज आहे. होम्स तिथं बघायला गेला असणार. तीन फूट अंतरावरून, रोज, जगातला सर्वांत गाजलेला जॅब त्याच्या तोंडावर येत होता. एकदा अलीनं त्याचा डोळा काळानिळा केला, तेव्हा होम्सनं त्यावर बर्फ लावू दिला नाही. गावात जाऊन दाखवायचा होता. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा. घराण्यातल्या गवयांच्या गोष्टी असतात ना, गुरूनं फेकून मारलेला पानाचा डबा शिष्य जपून ठेवतो, त्या जातीची वाटते मला ही.

पण त्यानं उचललेला जॅब अलीचा राहिला नाही. अलीचा चटकन लागून फुलपाखरासारखा उडायचा. होम्सच्या ८१ इंची पल्ल्यातून येणारा जास्त भरीव, खांद्यापासूनचा, आणि तरी परत यायला तितकाच लगबगीचा. तो एक मारत नसे. एक, मग लगेच दुसरा, कधी तिसरा, आणि या तिन्हींची गती सारखी नसे. गायकानं मात्रा खाऊन सम पुढे ढकलावी तसा तिसरा अर्धा क्षण उशिरा यायचा आणि डोकं वर काढलेल्या माणसाला नेमका भेटायचा.

९ जून १९७८, लास व्हेगास. समोर केन नॉर्टन, ज्यानं १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला होता. नॉर्टन जॅबवाल्यांचा वैरी. अलीचा डावा निघाला की त्याच क्षणी आपलाही डावा सोडायचा, ही एडी फच या प्रशिक्षकानं त्याला दिलेली युक्ती. लढतीच्या काही दिवस आधी सरावात होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला. ही लढत बघताना मी त्या हातावरून नजर काढू शकत नाही. दुखऱ्या हातानं माणूस जॅब वाचवून वाचवून मारेल असं वाटतं. होम्स पहिल्या फेरीपासून तोच हात वापरतो. १५ फेऱ्या म्हणजे ४५ मिनिटं. उत्तरार्धात नॉर्टन आत घुसतो, शरीरावर मारतो, भाता जरा मंदावतो. चौदा फेऱ्या संपतात तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदांवर दोघे बरोबरीत आहेत. पंधराव्या फेरीत दोघांनीही शहाणपण सोडून दिलं. ती फेरी बघावी, सांगू नये. निकाल: दोन पंच होम्सकडे १४३–१४२, एक नॉर्टनकडे १४३–१४२. एका गुणाचं अजिंक्यपद.

पुढे सात वर्षं तो हरला नाही. सगळी कारकीर्द धरून ४८ लढती, ४८ विजय, आणि रॉकी मार्सियानोच्या सलग ४९ विजयांना एकच कमी असताना मायकल स्पिंक्सकडून गुणांवर हार. लोकांनी त्याच्यावर अलीइतकं प्रेम कधी केलं नाही. मला वाटतं त्याचं एक कारण त्याचा जॅबच असेल. रोज वेळेवर पाणी येणाऱ्या नळाची कोण आठवण काढतो?

२ ऑक्टोबर १९८० ची लढत मी एकदाच बघितली, अर्धीच. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षांच्या खंडानंतर, निवृत्ती मोडून परत आलेला. त्याच वर्षी जानेवारीत तो भारतात येऊन गेला होता, दिल्लीत आपला मुष्टियोद्धा कौर सिंग याच्याबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला होता, लोकांनी त्याला बघायला गर्दी केली होती. लास व्हेगासला होम्ससमोर त्याचे हात निघेचनात. आणि होम्सचा डावा जात होता, लागत होता, परत येत होता. ज्या चेहऱ्यासमोर तो हात शिकला, त्याच चेहऱ्यावर. मधूनच होम्स पंचाकडे बघतो, थांबवा की आता, असं. दहाव्या फेरीनंतर अलीच्या कोपऱ्यातून अँजेलो डंडीनं लढत थांबवली. होम्स जिंकला आणि रडला. जॅब हा रागाचा फटका नाही असं मी वर म्हटलं, ते या लढतीत फार क्रूर रीतीनं दिसतं. राग असता तर एखादा जोराचा उजवा लागून ते लवकर तरी संपलं असतं.

आणखी एक लढत मनात राहते ती उलट कारणासाठी. व्लादिमिर क्लिच्को वर्षानुवर्षं जॅबवर राज्य करत होता, लोक जांभया देत होते आणि तो जिंकत होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला टायसन फ्युरीसमोर त्याचा डावा निघेना. फ्युरी त्याच्याहून उंच, हाताचा पल्ला मोठा, सारखा वाकडातिकडा हलणारा. क्लिच्कोचा हात थोडा पुढे येतो, चाचपतो, थांबतो, मागे जातो. बारा फेऱ्या असंच. हाताला काही झालेलं नव्हतं. पण पाठवला तर तो धड परत येईल, ही खात्री त्याच्यापाशी उरली नसावी.

मारलेल्या ठोशांची मोजदाद करणारी एक संगणकी पद्धत अमेरिकेत १९८५ पासून आहे. तिच्यात दोनच खाने: जॅब, आणि जॅब सोडून बाकी सगळे. बाकी सगळ्यांना 'पॉवर' म्हणतात. म्हणजे लिस्टनचा तो दाराबाहेर काढणारा हातसुद्धा बिनताकदीच्या खान्यात पडला असता. डावलणं फक्त आपल्याच भाषेत आहे असं नाही. जपानमध्ये मात्र 'अशिता नो जो' नावाची एक चित्रकथा १९६८ ते १९७३ अशी साप्ताहिकात चालली. तिच्यात बालसुधारगृहात असलेल्या एका उनाड पोराला त्याचा दारुडा गुरू बाहेरून पोस्टकार्डं पाठवतो, आणि 'उद्यासाठी' म्हणून पहिला धडा असतो जॅबचा. जॅब एका पोस्टकार्डावर मावतो, ही कल्पना मला फार आवडली. मी ती सईला सांगितली. ती म्हणाली, "मग आमचे सर दोन महिने काय करतायत?"

गेल्या आठवड्यात सरांनी तिला पहिल्यांदा उजवा मारू दिला. तिनं तो असा काही फेकला की स्वतःच पॅडवरून पुढे गेली आणि सगळे हसले. परत येऊन ती आपली आपण जॅबवर लागली, न सांगता. मी बघत होतो. तिचा हात आता घरंगळत नाही. आरशातल्या मुलीचा मात्र उजवा हात पुढे होता, उजवा जात होता, उजवा येत होता. ही उलटापालट आधी कधी माझ्या लक्षात आली नव्हती.

मी जास्तच टक लावून बघत असणार. सर पॅड काखेत मारून बाकाशी आले. "काय मामा, रोज नुसतं बघताय. उठा, दोन मारून बघा." तिथं सगळे मला मामाच म्हणतात. मी नाही-नाही म्हटलं, गुडघ्याचं कारण काढलं. तोवर शेजारच्या आजोबांनी माझ्या हातातला मोबाइल आणि पिशवी काढून घेतली होती. सईनं घाईघाईनं आपले ग्लव्ह्ज सोडले. ते आतून ओले आणि गरम होते, आणि माझ्या हाताला घट्ट.

"पाय कुठला पुढे ठेवू?" मी विचारलं.

"ते तुमच्यावर आहे," सर म्हणाले. "लिहिता कुठल्या हातानं?"

मी उजवा म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. तडकलेल्या आरशात सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. सरांनी पॅड वर धरलं होतं. त्यांना घाई नव्हती.